‘संगणक हाताळण्यास अयोग्य’

पगारे, आधी तारखा. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "चंद्रात्रे साहेब, तुमच्या पत्रात पंचांग आधी आणि मजकूर मागनं." असू द्या. ज्यांनी उत्तर द्यायचे आहे त्यांना तारखा नसल्या की पळवाट सापडते.

जून १९८६ : सातपूरच्या आपल्या कारखान्यात, भांडाराच्या खिडकीमागे, संगणकाचे टर्मिनल बसवले. अधिकाऱ्यांना पुण्यात तीन दिवसांचे प्रशिक्षण. भांडार कारकून म्हणून ज्यांनी ते रोज चालवायचे त्या वामन पगारे यांना चहाच्या सुट्टीआधीची वीस मिनिटे. जबाबदार : कारखान्याचे व्यवस्थापक.

ऑगस्ट १९८६ : संगणकाचे माहितीपुस्तक अधिकाऱ्यांखेरीज कोणाच्याही हाती देऊ नये, असे परिपत्रक. जबाबदार : तेच.

फेब्रुवारी १९८७ : भांडाराच्या नोंदी मुख्य साठ्यात मिळवण्याची वेळ बदलली. भांडाराला लेखी कळवले नाही, तोंडी कळवले नाही. जबाबदार : संगणक कक्षाचे प्रमुख.

मार्च १९८७ : निष्काळजीपणाचे आरोपपत्र. जबाबदार : भांडार विभागाचे प्रमुख.

मे १९८७ : सेवानोंदीत शेरा, ‘संगणक हाताळण्यास अयोग्य’. जबाबदार : चौकशी अधिकारी.

या वर्षी, १९८९ मध्ये, निवृत्तीनंतर जेमतेम चार महिन्यांनी, तुम्ही गेलात. शेरा आहे तेथेच आहे.

नावांऐवजी पदे लिहिली आहेत. नावे लिहिली तर संपादक हा मजकूर छापणार नाहीत, आणि ज्यांची पदे आहेत त्यांना ती ओळखू येतील. यादी अपुरी आहे, हेही आत्ताच नमूद करतो. एक पद अजून लिहायचे आहे. ते त्याच्या जागी येईल.

कारखान्याच्या सूचनाफलकावर तुमच्या निधनाची दोन ओळींची सूचना लागली. त्यात तुम्हाला ‘निष्ठावान व कार्यक्षम सेवक’ म्हटले आहे. मी ती उतरवून घेतली. ज्या कार्यालयाने तुम्हाला लेखी अयोग्य ठरवले, त्याच कार्यालयाने, त्याच शिक्क्याखाली, तुम्हाला लेखी कार्यक्षम ठरवले आहे. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत. त्यांतले खोटे कोणते, एवढेच मला विचारायचे आहे.

त्या पहिल्या दिवशी मी तुमच्या मागे उभा होतो, ते आठवते. काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे. डावीकडे डॉलरची एक खूण आणि तिच्यापुढे लुकलुकणारा चौकोन. तुम्ही बराच वेळ पाहत राहिलात.

"हे काय विचारतंय?" तुम्ही संगणक कक्षाच्या माणसाला म्हणालात.

"काही विचारत नाही. तुम्ही सांगायचं, ते करतं."

"अठ्ठावीस वर्षं झाली इथं," तुम्ही माझ्याकडे वळून म्हणालात. "पहिल्यांदा कोणीतरी म्हटलं, पगारे, तुम्ही सांगा."

मी हसलो. आज ते वाक्य मला हसण्यासारखे वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आपले नाव मोठ्या इंग्रजी अक्षरांत टाइप केलेत, कारण कारखान्याचे सगळे छापील तक्ते मोठ्या अक्षरांतच भरायचे असतात. त्या यंत्राची रीत अशी, की नाव मोठ्या अक्षरांत आले तर समोरच्याकडे लहान अक्षरे नाहीतच असे ते धरून चालते आणि पुढचे सगळे मोठ्या अक्षरांतच लिहिते. तुम्ही टाइम ऑफिसात, म्हणजे माझ्या हजेरीच्या खात्यात, येऊन मला बोलावून नेलेत. "बघा साहेब, आपण मोठं लिहिलं तर तेबी मोठंच बोलायला लागलं. याला रीतभात कळते." तीन दिवसांचे पुण्याचे प्रशिक्षण घेतलेल्या मला हे ठाऊक नव्हते. माझ्यापाशी फक्त प्रमाणपत्र होते.

तुमच्यापाशी वही होती. दोनशे पानी, रेघांची. डाव्या-उजव्या दोन रकान्यांत ‘काय लिहिले’ आणि ‘काय झाले’. हुकूम इंग्रजी अक्षरांत, परिणाम मराठीत. यादी दाखवण्याचा हुकूम, फाईल वाचण्याचा, नक्कल करण्याचा, पुसण्याचा. प्रत्येकापुढे तुम्ही स्वतः काय पाहिलेत ते. ‘मध्ये जागा सोडली नाही, ओळखले नाही.’ ‘एक अक्षर चुकले, ओळखले नाही.’ आणि पानोपानी एकच नोंद : ‘काही बोलले नाही. म्हणजे झाले.’

हा तुमचा शोध तुम्ही मला भांडाराच्या खिडकीत समजावून सांगितला होतात. "चुकलं की लगेच बोलतं. बरोबर झालं की गप्प. शाब्बास नाय, काय नाय. आपल्या साहेबांसारखंच हाय, सवय हाय आपल्याला."

घरी तुमच्याकडे यंत्र नव्हते. वहिनींनी मला तुमच्या निधनानंतरच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी सांगितले, की तुम्ही जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर कळफलक आखून तो पुठ्ठ्याला चिकटवला होता आणि रविवारी जेवण झाले की त्यावर बोटे चालवत बसत होतात. "मी म्हणायचे, अहो, त्या पुठ्ठ्यातून काय निघणारे? तर म्हणायचे, बोटांना वाट माहीत पाहिजे, निघायचं तिथं निघंल." पंचावन्न वर्षांचा माणूस, दिंडोरी तालुक्यातल्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेला, पुठ्ठ्यावर बोटे चालवून इंग्रजी यंत्र शिकतो. हा माणूस अयोग्य. ज्यांनी तीन दिवस पुण्याला जाऊन परतीच्या गाडीत शिकलेले विसरून टाकले, ते योग्य.

मलाही तुम्हीच शिकवलेत. टाइम ऑफिसच्या टर्मिनलवर मला माझ्याच हजेरीची यादी दिसत नव्हती. मी तावातावाने कळा बडवत होतो. तुम्ही मागून येऊन म्हणालात, "साहेब, मधी जागा सोडा. बाकी कशालाबी चालवून घेतं, जागेला लय कडक हाय." मी जागा सोडली. यादी आली. त्यानंतर तुमच्या वहीवरून मी माझी वही केली. या गोष्टीचे आभार मी तुम्हाला कधी मानले नाहीत. अधिकाऱ्याने कारकुनाचे आभार मानावेत असे कोणत्याही परिपत्रकात नव्हते, आणि मी परिपत्रकांवर चालणारा माणूस.

आता ते परिपत्रक. माहितीपुस्तकाची एकच प्रत कारखान्यात होती आणि ती माझ्या कपाटात, माझ्या किल्लीखाली होती. तुम्ही एका शनिवारी आलात. "साहेब, एका रविवारापुरतं द्या. सोमवारी पहिल्या भोंग्याला परत. माझी मुलगी इंग्रजी वाचून सांगंल, मी वहीत उतरवून घेईन." मी खणातून परिपत्रक काढून तुमच्यापुढे ठेवले. म्हणालो, "पगारे, नियम केला कोणी ते सोडा, पण केलाय तोवर तो पाळला पाहिजे."

तुम्ही ते वाचलेत. नीट घडी घालून मला परत दिलेत.

"बरोबर हाय साहेब. पुस्तक कपाटात आणि आम्ही बाहेर. हे आम्हाला काय नवीन नाय."

तुम्ही हसत होतात. मला ते वाक्य फार लागले. आठवडाभर मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडलो, की हा अन्याय आहे, मी नियम सर्वांना सारखाच लावतो. आणि लावत होतोच. पण तो सर्वांना सारखा लावून बाहेर राहिलात फक्त तुम्ही, ही साधी गोष्ट त्या आठवड्यात मला दिसली नाही. कायद्याची दोन वर्षे शिकलेल्या माणसाला ती दिसायला हवी होती.

भांडाराची पद्धत जे हा लेख वाचतील त्यांच्यासाठी सांगतो. खिडकीशेजारी एक मोठी दगडी पाटी टांगलेली होती. दिवसभरात कोणता भाग कोणत्या विभागाला गेला ते खडूने तीवर लिहायचे. साडेतीनला खिडकी बंद झाली की पाटीवरचे आकडे प्रत्येक खणाला अडकवलेल्या कार्डावर उतरवायचे आणि निघण्यापूर्वी पाटी ओल्या फडक्याने स्वच्छ पुसायची. न पुसता गेले तर दुसऱ्या दिवशी तेच सामान पुन्हा वजा होई. म्हणून भिंतीवर रंगवलेला फलक होता : ‘पाटी पुसल्याशिवाय भांडार बंद करू नये.’ खाली भांडार विभागाच्या प्रमुखांची सही. तुम्ही अठ्ठावीस वर्षांत एकदाही न पुसता गेला नाहीत.

संगणक आल्यावर खडूच्या जागी कळा आल्या, एवढाच फरक. दिवसाचे गेलेले सामान तुम्ही रोजच्या फाईलमध्ये लिहीत होतात. चार वाजता संगणक कक्ष ती फाईल मुख्य साठ्यात मिळवून घेई. पाच वाजता तुम्ही ती फाईल पुसून घरी जात होतात. पाटी जशी. सात महिने हे असे चालले. कोणाची तक्रार नव्हती, कारण उतरवून घेतलेलेच तुम्ही पुसत होतात.

मग कक्षाने चारची वेळ बदलून दुसऱ्या दिवशी सकाळी सातची केली. तुम्हाला कोणी सांगितले नाही. तुम्ही नेहमीप्रमाणे पाचला पुसत राहिलात. यंत्र काही बोलले नाही. तुमच्या वहीप्रमाणे, म्हणजे झाले.

अकरा दिवस. अकरा दिवसांचे गेलेले सामान मुख्य साठ्यात पोहोचलेच नाही. बाराव्या दिवशी जोडणी विभागाने मोठी बेअरिंगे मागितली. पडद्यावर ती खणात भरपूर होती, आणि खण रिकामा होता. एक पाळी काम बंद राहिले.

येथे एक गोष्ट कोणी बोलत नाही, ती मी बोलतो. यंत्र गप्प नव्हते. त्या अकरा सकाळी सात वाजता त्याने संगणक कक्षाच्या कागदावर स्पष्ट छापले होते, की भांडाराची फाईल सापडत नाही. चुकले की बोलते, हा तुमचा शोध खरा ठरला. ते बोलले. ज्यांच्याशी बोलले त्यांनी तो कागद वाचला नाही, दुमडून रद्दीत टाकला. तुम्हाला आरोपपत्र मिळाले. त्यांना त्या वर्षी पदोन्नती मिळाली.

साठा पुन्हा उभा केला कोणी? तुम्हीच. खणांची कार्डे बंद करण्याचा हुकूम होता, तरी तुम्ही ती पेन्सिलीने लिहीत होतात. "हाताला चैन पडत नाय साहेब," एवढेच तुमचे स्पष्टीकरण. शनिवार आणि सुट्टीचा दिवस, दोन दिवस बसून तुम्ही अकरा दिवसांच्या सगळ्या नोंदी कार्डांवरून यंत्रात घातल्यात. कारखान्याने त्या घेतल्या. आणि आरोपपत्रात दुसरा आरोप असा, की बंद केलेली कार्डे हुकूम मोडून चालू ठेवली. मी आयुष्यात पुष्कळ आरोपपत्रे वाचली आहेत. आरोपीच्या ज्या कृत्याने नुकसान भरून निघाले तेच कृत्य आरोप म्हणून लिहिणारे हे एकच.

चौकशीत मी तुमचा बचाव प्रतिनिधी होतो. चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले, "फाईल तुम्हीच पुसलीत?"

"हो साहेब. रोज."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"भिंतीवर लिहिलंय."

"ते पाटीबद्दल आहे. पाटीचा आणि संगणकाचा काय संबंध?"

"दोन्हीवर दिवसाचंच असतं, साहेब."

टंकलेखकानेही मान खाली घालून हसू दाबले. ते उत्तर मूर्खपणाचे नव्हते. त्या खोलीत त्या यंत्राबद्दल त्या दिवशी बोलले गेलेले तेवढेच एक शहाणपणाचे वाक्य होते.

मग संगणक कक्षाचे प्रमुख म्हणाले, की बदललेल्या वेळेची सूचना रीतसर दिलेली आहे, माहितीपुस्तकात चिकटवली आहे. पुस्तक मागवले. माझ्या कपाटातून ते मीच आणले. मुखपृष्ठाच्या आत चिठ्ठी होती, आणि तिच्याखाली ‘वाचले’ म्हणून तीन सह्या. चौकशी अधिकाऱ्यांनी ती पाहून पुस्तक आपल्या दोघांकडे सरकवले. तुम्ही चिठ्ठीवरून बोट फिरवलेत. बोट तिसऱ्या सहीवर येऊन थांबले.

ती सही माझी होती. वेळ बदलली त्याच दिवशीची.

यादीतले राहिलेले पद आता लिहितो. फेब्रुवारी १९८७ : टाइम ऑफिसचे प्रमुख, चंद्रात्रे. यांनी सूचना वाचली, सही केली, कपाट बंद केले आणि दहा पावलांवरच्या भांडाराला सांगितले नाही, कारण भांडार त्यांचे खाते नव्हते. येथे मी पदाबरोबर नावही लिहितो, कारण ते छापण्यास संपादकांची हरकत असण्याचे कारण नाही.

तुम्ही पुस्तक मिटून परत दिलेत. "बचाव पक्षाला काही म्हणायचे आहे?" असे विचारल्यावर मी उभा राहिलो. फलकावरचा नियम रद्द झालेला नाही, सबब आरोपीने प्रचलित हुकुमाचे पालनच केले, या मुद्द्यावर अर्धा तास बोललो. मुद्दा बिनतोड होता, आजही आहे. त्या सहीविषयी मी एक शब्द बोललो नाही. मी साक्ष दिली असती, की सूचना माझ्यापर्यंत पोहोचली आणि माझ्यापाशीच थांबली, तर तो शेरा लिहिता आला नसता. शेरा मग माझ्यावर आला असता. माझ्या निवृत्तीला तेव्हा दीड वर्ष उरले होते.

बाहेर पडल्यावर तुम्ही म्हणालात, "चांगलं बोललात, साहेब."

पगारे, त्यानंतरच्या दोन वर्षांत तुम्ही मला त्या सहीबद्दल एकदाही विचारले नाहीत. याचा मला तुमच्यावर राग आहे. तुम्ही विचारायला हवे होते. तुम्ही भांडायला हवे होते. मी कामगार न्यायालयात जा म्हणून तुमच्या मागे लागलो होतो, अर्जाचा मसुदा तयार होता, आणि तुम्ही फाटकावरच्या टपरीवर चहा ढवळत म्हणालात, "कोर्टात जाऊन काय करू? माझं मागणं एवढंच हाय, सगळ्यांदेखत एकदा मला त्या यंत्रापुढं बसू द्या. येतं का नाय ते बघा. नाय आलं तर शेरा राहू द्या."

"हे न्यायाचं मागणं नाही, पगारे. परीक्षा तुमची का म्हणून?"

"परीक्षेला मी कधी भ्यालो? तुम्हीच भीत बसलात."

मला तेव्हा वाटले, की तुम्ही कारखान्याला म्हणत आहात.

तुमच्या त्या मागणीचे तीन अर्ज मी लिहून दिले. तिन्ही पोचले, पोचपावत्या माझ्यापाशी आहेत. एकाचेही उत्तर आले नाही. तुम्हाला फाटकावर गाड्यांचे नंबर लिहिण्याच्या कामाला बसवले. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रातून राखेचे ट्रक येत, त्यांची नोंद तुम्ही दोन रकान्यांतच करत होतात, हे मी पाहिले आहे.

वहिनींनी तुमची वही माझ्या हाती दिली. म्हणाल्या, "तुमच्याकडंच राहू द्या. ते म्हणायचे, साहेबांना मधी जागा सोडायचं ध्यानात राहत नाय." मी ती तिथेच उभ्या उभ्या उघडली.

शेवटच्या पानावर निवृत्तीनंतरच्या तारखा आहेत. यंत्र सुटून दोन वर्षे झाली तरी तुम्ही प्रश्न लिहीत होतात. डावा रकाना भरलेला, उजवा कोरा. त्यात सर्वांत खालचा : ‘पुसलेले परत आणता येते का? पुस्तकात पाहणे.’

मी पाहिले. तुमच्या पुण्यानुमोदनानंतरच्या सोमवारी, निवृत्त माणूस म्हणून कारखान्याच्या दारात अर्ज करून, ते पुस्तक पुन्हा मागून घेऊन पाहिले. उत्तर असे, पगारे : यंत्रात पुसलेले परत येत नाही. तुमच्या वहीत उजव्या रकान्यात मी हे माझ्या अक्षरात लिहिले आहे. मधली जागा सोडून.

पण शेरा यंत्राने लिहिलेला नाही. तो माणसाने लिहिला आहे, शाईने, सहीनिशी, आणि माणसाला तो खोडता येतो. त्यासाठी मी माझी साक्ष येथे छापून देत आहे. ती तेव्हा तोंडी द्यायची होती, लेखी देतो. माझ्यावर जी कारवाई करायची ती करावी. निवृत्त माणसाच्या सेवानोंदीतही शेरा लिहिता येतो, तशी तरतूद आहे, मी तपासली आहे.

कारखान्याच्या व्यवस्थापकांना माझी जाहीर मागणी अशी. कालकथित वामन पगारे अयोग्य होते की कार्यक्षम, ते त्यांनी याच साप्ताहिकात, आपल्या सहीनिशी लिहावे. अकरा सकाळी छापलेला तो कागद कोणी वाचला नाही, हेही लिहावे. पोचपावतीने भागणार नाही, आणि न बोलणे म्हणजे काम झाले, असे या खेपेला मी धरून चालणार नाही. वही माझ्यापुढे उघडी आहे. उजव्या रकान्यात मी जागा ठेवली आहे.